विश्लेषण : घड्याळ नवे, रूप १९५९चे! जुन्या क्रोनोग्राफच्या मर्यादित आवृत्तीवरून घड्याळप्रेमींत दोन तट का?

वैमानिकांसाठी बनवलेल्या १९५९ सालच्या घड्याळाची जवळपास हुबेहूब प्रतिकृती स्विस कंपनी ब्राइटलिंगने २०१९ मध्ये बाजारात आणली. नग किती, तर बरोबर १९५९. ‘नॅव्हिटायमर रेफरन्स ८०६’ची ही मर्यादित आवृत्ती काहींना ‘आजवरची सर्वात प्रामाणिक प्रतिकृती’ वाटली, तर काहींना ‘जुन्या पुण्याईवर नवा धंदा’. त्यानंतर अशा आवृत्त्यांची रांगच लागली आणि वादही सुरूच राहिला. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांतील (ईएफटीए) व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. त्यामुळे हा वाद आता आपल्याकडच्या ग्राहकाच्या खिशाशीही जोडला गेला आहे. नेमके काय आहे हे प्रकरण?

क्रोनोग्राफ म्हणजे काय?

साध्या भाषेत सांगायचे, तर वेळ दाखवणाऱ्या घड्याळातच बसवलेले स्टॉपवॉच म्हणजे क्रोनोग्राफ. बाजूच्या दोन कळांपैकी वरची दाबली की मधला लांब सेकंद काटा धावू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो. खालची कळ दाबली की तो शून्यावर परततो. तबकडीवरच्या छोट्या चकत्यांवर किती मिनिटे आणि तास गेले याची मोजणी होते. या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘काळ लिहिणारा’. १८२१ मध्ये पॅरिसमधल्या घोड्यांच्या शर्यतीत निकोलस रिसेक यांनी वापरलेले यंत्र खरोखरच तबकडीवर शाईचा ठिपका उमटवत असे, त्यावरून हे नाव रूढ झाले.

बॅटरी नसलेल्या, म्हणजे चावीच्या क्रोनोग्राफमध्ये हे सारे काम दातेरी चाके, तरफा आणि स्प्रिंगा करतात. चालू घड्याळाला धक्का न लावता दुसरी यंत्रणा जोडायची आणि सोडवायची, हे अवघड काम. म्हणूनच क्रोनोग्राफ बनवणे ही घड्याळजींच्या कसोटीची गोष्ट मानली जाते आणि त्याची किंमतही साध्या घड्याळापेक्षा जास्त असते.

नॅव्हिटायमर एवढे प्रसिद्ध का?

‘नेव्हिगेशन’ आणि ‘टायमर’ या दोन शब्दांची जोड म्हणजे नॅव्हिटायमर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील विमानमालक व वैमानिकांच्या ‘एओपीए’ या संघटनेसाठी हे घड्याळ घडवण्यात आले. संघटनेचे पंखांचे बोधचिन्ह तबकडीवर होते. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे तबकडीभोवती असलेली गोल ‘स्लाइड रूल’, म्हणजे गणिती पट्टी. खिशातला कॅल्क्युलेटर येण्याआधीच्या त्या काळात वैमानिक अंतर, वेग, इंधन आणि मैल-किलोमीटरची रूपांतरे याच पट्टीवर करीत.

ही पट्टी चालते कशी? समजा, विमानाचा वेग तासाला १२० सागरी मैल आहे. तर २५ मिनिटांत किती अंतर कापले जाईल? बाहेरची कडी फिरवून तिच्यावरचा १२ हा आकडा आतल्या ६०समोर आणायचा. मग आतल्या २५समोर बाहेरच्या कडीवर जो आकडा येतो तो ५०. म्हणजे उत्तर ५० सागरी मैल. आकड्यांमधली अंतरे लॉगॅरिदमच्या प्रमाणात आखलेली असल्याने गुणाकार-भागाकार नुसत्या कडी फिरवण्याने होतात. शून्ये किती लावायची, हे मात्र वापरणाऱ्याने ठरवायचे.

पुढे २४ मे १९६२ रोजी अमेरिकी अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर यांनी ‘ऑरोरा ७’ यानातून पृथ्वीला तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा त्यांच्या मनगटावर नॅव्हिटायमरच होते. अंतराळात दिवस-रात्रीचा भरवसा नसल्याने त्यांनी २४ तासांची तबकडी मागून घेतली होती. त्या घड्याळाला ‘कॉस्मोनॉट’ म्हणतात. २०२२ मध्ये या उड्डाणाला ६० वर्षे झाली तेव्हा कंपनीने त्याचीही मर्यादित आवृत्ती काढली. तिचे नग ३६२, म्हणजे तीन फेऱ्या आणि ६२ साल.

२०१९च्या आवृत्तीत काय होते?

मूळ ८०६ समोर ठेवून बारीकसारीक तपशील उतरवण्यात आले. घड्याळाचा व्यास ४०.९ मिलिमीटर, म्हणजे मुळाच्या जवळचाच. तबकडी पूर्ण काळी, तारखेची खिडकी नाही. काच आजच्या नीलम-स्फटिकाची नव्हे, तर जुन्यासारखी फुगीर ॲक्रिलिकची. फिरत्या कडीवरचे मणीसुद्धा मुळाबरहुकूम. आत मात्र नवे यंत्र. कंपनीच्या स्वतःच्या बी०१ या यंत्राची चावी देण्याची आवृत्ती, बी०९. पूर्ण चावी दिली की ती सुमारे ७० तास चालते आणि तिला अचूकतेचे स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्रही आहे.

मूळ घड्याळात व्हीनस १७८ हे यंत्र असे. ते तासाला १८ हजार ठोके देते, नवे २८,८००. म्हणजे जुन्याचा काटा सेकंदाला पाच पावले टाकतो, नव्याचा आठ. शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर काट्याच्या चालीत हा फरक डोळ्यांना जाणवतो. आवृत्तीची किंमत साडेआठ हजार डॉलरच्या घरात होती.

बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे काय?

पहिला मुद्दा आकाराचा. २०००नंतर मनगटी घड्याळे फुगत गेली. ४४, ४६, अगदी ४८ मिलिमीटरपर्यंत. बारीक मनगटाच्या माणसाने नॅव्हिटायमर घालावे की भिंतीवर टांगावे, असा प्रश्न पडे. जुन्या आकाराची आवृत्ती आल्याने मूळ रेखाटन किती तोललेले होते, हे नव्या पिढीला दिसले.

दुसरा मुद्दा भरवशाचा. ६० वर्षांपूर्वीचे क्रोनोग्राफ रोज वापरणे म्हणजे जुनी मोटार रोज कचेरीला नेण्यासारखे. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्ती करणारे कारागीर कमी, पावसात भिजण्याची धास्ती. शिवाय त्या काळी अंधारात चमकण्यासाठी काटे आणि आकड्यांवर रेडियमयुक्त रंग असे. काच बंद असेपर्यंत सहसा चिंता नसते, पण घड्याळ उघडून रंगाची पूड हाताळणे धोक्याचे. नव्या आवृत्तीत किरणोत्सर्ग नसलेला सुपर-ल्युमिनोव्हा हा रंग आहे आणि कंपनीची वॉरंटीही.

तिसरा आणि सर्वात वजनदार मुद्दा अस्सलपणाचा. जुन्या घड्याळांच्या बाजारात काय खरे नि काय जोडलेले, हे ओळखणे तज्ज्ञांनाही जड जाते. जिनिव्हात नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमेगाचे १९५७ सालचे एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले. ते घेतले होते खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. पुढे २०२३ मध्ये उघड झाले, की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले होते. ज्यांनी घड्याळ बनवले त्यांचीच अशी फसगत होऊ शकते, तर सामान्य संग्राहकाचे काय? नव्या आवृत्तीत हा प्रश्नच उरत नाही. काय घेतो आहोत, हे पावतीसकट ठाऊक असते.

मग आक्षेप कशाला?

सर्वाधिक टीका झाली ती रंगावर. नव्या घड्याळाचे आकडे आणि काट्यांवरचा चमकता रंग पांढरट नाही, तर बदामी-पिवळट आहे. जुन्या घड्याळांतला रंग दशकानुदशके जुनावत असा झाला, त्याची ही नक्कल. टीकाकार विचारतात, ही नेमकी कशाची प्रतिकृती? १९५९ मध्ये दुकानातून बाहेर पडलेल्या घड्याळाचा रंग असा नव्हता. म्हणजे प्रतिकृती मूळ घड्याळाची नसून आज लिलावात दिसणाऱ्या, म्हाताऱ्या झालेल्या घड्याळाची आहे. नव्या सागवानी टेबलावर मुद्दाम ओरखडे पाडून ‘आजोबांच्या काळचे’ म्हणून विकावे, तसे हे. वय हे वापरून मिळते, ते कारखान्यातून चढवून आणता येत नाही, असे या मंडळींचे म्हणणे.

दुसऱ्या बाजूचे उत्तर असे, की पांढराशुभ्र रंग त्या तबकडीवर डोळ्यांना खुपला असता. जुन्या घड्याळांशी आपली ओळखच मुळी पिवळट रूपात झाली आहे आणि खरेदीदाराला तेच हवे असते. हा वाद सुटणारा नाही, कारण एकाला इतिहास हवा आहे आणि दुसऱ्याला त्याची आठवण.

दुसरा आक्षेप संख्येवर. १९५९ सालचे घड्याळ म्हणून १९५९ नग. २०२० मध्ये याच कंपनीने १९५३च्या ‘एव्हीआय’ या वैमानिकी घड्याळाची आवृत्ती काढली, तिचे पोलादी नग १९५३. ओमेगाने २०१७ मध्ये १९५७च्या तीन घड्याळांच्या आवृत्त्या काढल्या, प्रत्येकी ३५५७. या आकड्यांमागे कारखान्याच्या क्षमतेचे काही कारण नाही, तो जाहिरातीचा भाग आहे. तेच यंत्र, तेच पोलाद वापरून आणखी हजारो नग सहज बनू शकतात. म्हणजे टंचाई आहे ती ठरवून केलेली. ‘घड्याळ इतके चांगले आहे, तर ते नेहमीसाठी का ठेवत नाही?’ हा प्रश्न त्यामुळेच विचारला गेला.

तिसरा आक्षेप किमतीचा. १९६०च्या दशकातील मूळ ८०६चे साधारण स्थितीतले नमुने जुन्या बाजारात या आवृत्तीपेक्षा कमी किमतीतही मिळत. मग प्रतिकृतीला अस्सलापेक्षा जास्त का मोजायचे? आणि साडेआठ हजार डॉलरच्या घड्याळाला सहज ओरखडे पडणारी प्लास्टिकची काच का? समर्थक म्हणतात, ॲक्रिलिकचा ओरखडा पॉलिश करून जातो आणि त्या काचेतून तबकडीला येणारा मऊपणा नीलम-स्फटिकाला येत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

कंपन्या मागे वळून का पाहतात?

याचे मूळ १९७०च्या दशकात आहे. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. बॅटरीवरची ही घड्याळे लवकरच स्वस्त झाली आणि अचूकतेत चावीच्या घड्याळांना त्यांनी कुठल्या कुठे मागे टाकले. स्वित्झर्लंडमधील शेकडो कारखाने बंद पडले. ब्राइटलिंग कुटुंबालाही व्यवसाय गुंडाळावा लागला आणि १९७९ मध्ये अर्नेस्ट श्नायडर यांनी हे नाव विकत घेतले.

त्यानंतर चावीचे घड्याळ वेळ पाहण्यासाठी घेण्याची गोष्ट राहिलीच नाही. आज प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल त्याहून अचूक वेळ सांगतो. मग कंपनीने विकायचे काय? कारागिरी आणि गोष्ट. आणि गोष्ट सर्वात दमदार असते ती १९५०-६०च्या दशकांतली, जेव्हा ही घड्याळे खरोखर विमानात, शर्यतीत, अंतराळात कामाला येत होती. २०१७ मध्ये ब्राइटलिंगची मालकी गुंतवणूक कंपनीकडे गेली, जॉर्ज कर्न यांनी सूत्रे हाती घेतली आणि कंपनीने आपल्या जुन्या दप्तराकडे मोर्चा वळवला. ८०६ची आवृत्ती हे त्याचे फळ.

याचा एक फायदा सर्वांना झाला, हेही मान्य करावे लागेल. २०२२ मध्ये नॅव्हिटायमरच्या सत्तरीनिमित्त कंपनीने नेहमीच्या विक्रीची नवी मालिका आणली, त्यात पंखांचे जुने बोधचिन्ह परत आले आणि ४१ मिलिमीटरचा आकारही. मर्यादित आवृत्ती ही एका अर्थाने चाचणी परीक्षा ठरली.

कमी पैशांत पर्याय आहेत का?

आहेत आणि त्यातला एक थेट याच घराण्यातला आहे. १९६१ मध्ये चीनने आपल्या हवाई दलासाठी क्रोनोग्राफ बनवण्याचा प्रकल्प तिआनजिनच्या कारखान्यात हाती घेतला. त्यासाठी स्विस व्हीनस कंपनीच्या १७५ या यंत्राची सामग्री चीनला मिळाली. नॅव्हिटायमरमधले १७८ हे त्याच व्हीनसचे. आज त्या चिनी घड्याळाची नवी आवृत्ती ‘सीगल १९६३’ या नावाने काहीशे डॉलरमध्ये मिळते आणि तिच्यात त्याच वंशाचे चावीचे यंत्र धडधडते. त्यामुळे काही जाणकारांना ही प्रतिकृती जास्त खरी वाटते. बाकीच्या आवृत्त्यांत रूप जुने नि यंत्र नवे, इथे यंत्राचाही वारसा जुना. अर्थात घडणीची सफाई आणि विक्रीनंतरची सेवा यांत स्विस घड्याळाशी तुलना होणार नाही.

मार्च २०२२ मध्ये स्वॉच आणि ओमेगाने मिळून आणलेले ‘मूनस्वॉच’ हा वेगळाच प्रयोग. चंद्रावर गेलेल्या स्पीडमास्टरचे रूप, आत बॅटरीचे यंत्र, किंमत सुमारे २६० डॉलर. ते मर्यादित नसल्याचे कंपनीने सांगितले होते, तरीही जगभर दुकानांबाहेर झुंबड उडाली. जुन्या रूपाची ओढ श्रीमंत संग्राहकांपुरती नाही, हे त्यातून दिसले.

आपल्याकडे काय स्थिती?

भारतात जुन्या घड्याळांचे प्रेम नवे नाही. एचएमटीच्या चावीच्या ‘जनता’ घड्याळाशी एका पिढीच्या पहिल्या पगाराच्या, लग्नाच्या आठवणी बांधलेल्या आहेत. २०१६ मध्ये केंद्राने एचएमटीचा घड्याळ उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला, त्यानंतर त्या घड्याळांची मागणी उलट वाढली. १८६५ पासून मुंबईशी नाते असलेल्या फाव्र-ल्यूबा या स्विस नावाची गोष्टही अशीच. टाटा समूहातील टायटनकडून ते नाव पुन्हा एका भारतीय उद्योगसमूहाकडे गेले आणि २०२४ मध्ये जिनिव्हात जुन्या मॉडेलांवर बेतलेल्या घड्याळांसह नव्याने सादर झाले.

मात्र याच बाजाराने एक नको ती ओळखही मिळवली आहे. जुनी एचएमटी, फाव्र-ल्यूबा किंवा इतर स्विस घड्याळे घेऊन त्यांच्या तबकड्या नव्याने रंगवायच्या, जुळेल तो काटा बसवायचा आणि ‘अस्सल व्हिंटेज’ म्हणून विकायची, असा उद्योग वर्षानुवर्षे चालतो. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भडक निळी, लाल तबकडी, अक्षरांची ओबडधोबड छपाई आणि अविश्वसनीय स्वस्त किंमत ही त्यांची लक्षणे. ऑनलाइन खरेदी करणाऱ्या अनेकांची पहिली ‘जुनी’ वस्तू हीच असते. अस्सलपणाची हमी देणाऱ्या नव्या आवृत्त्या इथे आकर्षक वाटतात, त्याचे हेही एक कारण.

करारामुळे स्विस घड्याळांवरील २० टक्के मूळ सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. जीएसटी मात्र राहीलच. शिवाय १० लाख रुपयांहून महाग घड्याळाच्या खरेदीवर एप्रिल २०२५ पासून एक टक्का कर विक्रेता वसूल करतो, तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्यामुळे शुल्क उतरले म्हणून दर रातोरात कोसळतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

घ्यायचे असेल तर काय पाहावे?

पहिली गोष्ट, ‘मर्यादित’ या शब्दाला भुलू नये. दोन हजार नग म्हणजे दुर्मीळ नव्हे आणि मर्यादित म्हणून भाव चढेलच असेही नाही. २०२१-२२ मध्ये जुन्या-नव्या घड्याळांच्या पुनर्विक्रीचे भाव आभाळाला भिडले आणि नंतर खाली आले, हा अनुभव ताजा आहे. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने शेअर बाजाराइतकीच जोखीम गृहीत धरावी.

दुसरी गोष्ट, देखभालीचा खर्च. चावीच्या क्रोनोग्राफला काही वर्षांनी सर्व्हिसिंग लागते आणि ते साध्या घड्याळापेक्षा बरेच महाग असते. हा खर्च किमतीत धरूनच हिशेब करावा. तिसरी गोष्ट पाण्याची. ३० मीटर असे लिहिलेले घड्याळ पोहण्यासाठी नसते. हात धुताना उडालेले शिंतोडे ते सोसेल, पण मुंबईच्या पावसात त्याची परीक्षा न घेतलेली बरी.

आणि शेवटची गोष्ट, घरातले कपाट आधी उघडावे. आजोबांचे बंद पडलेले चावीचे घड्याळ तिथे असेल, तर चांगल्या कारागिराकडून ते सुरू करून घ्यायला मर्यादित आवृत्तीच्या किमतीचा छोटासा अंशही लागत नाही. मात्र तबकडी रंगवून घेऊ नका. तिच्यावर चढलेला पिवळेपणा घड्याळाने स्वतः कमावलेला आहे. नव्या घड्याळात तोच उतरवण्यासाठी कंपन्या एवढा खटाटोप करतात.